तारपा ऐकणारी वाइन

चि. ईरा आणि चि. निहार,

निहार, मागच्या महिन्यात तुला एकोणीस पूर्ण झाली. तुमच्याकडे परदेशात एकोणीस पूर्ण झाली की माणसाला वाइन घेता येते, असं तुझी आई म्हणाली. मी याचीच वाट पाहत होते. गेल्या जूनमध्ये मी पालघरला मुग्धामावशीच्या वाडीवर पाच दिवस राहून आले, तेव्हाच तुम्हाला लिहायचं होतं. पण ईराने वाचावं आणि निहारने वाचू नये, असं पत्र लिहिणं मला पसंत नव्हतं. पत्र एकच, आणि ते दोघांनी मिळून वाचायचं, हा आपला नियम आहे. तो आता नीट पाळता येईल, म्हणून आज बसले.

मुग्धा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुमच्या आईची मावसबहीण. तिच्या लग्नात तुम्ही दोघं जिलबीवरून भांडला होतात. तिचा नवरा श्रीरंग. त्याचे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात होते, त्यामुळे त्याचं सगळं लहानपण तिथल्या वसाहतीत गेलं. पुढे तो बोईसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर झाला आणि संध्याकाळी सतार शिकत राहिला. या दोघांनी नोकऱ्या सोडून वाइन करायला घेतली, तेव्हा आपल्या घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता. मी मात्र काही बोलले नाही. वाइनबद्दल माझं ज्ञान इंग्रजी कादंबऱ्यांतलं. त्यात लोक जेवणाआधी शेरी घेत, आणि ती कोकमाच्या सरबतासारखी लागत असणार, असं मी कॉन्व्हेंटमध्ये असल्यापासून धरून चालले होते.

कोळगावच्या पुढे

प्रवासाचं काही सांगत नाही. मुग्धा गाडी घेऊन पालघर स्टेशनवर आली होती. बाहेर येताच तिने मला हंगामातले शेवटचे ताडगोळे खायला घातले. ताडगोळा सोलून अख्खाच तोंडात टाकायचा असतो. मी शिस्तीत अर्धा चावला आणि आतलं पाणी इस्त्रीच्या साडीवर घेतलं. अशी माझी पालघरातली सुरुवात.

कोळगावला जिल्ह्याच्या मोठ्या पांढऱ्या सरकारी इमारती मागे पडल्या की रस्ता आत वळतो. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली कोरडी शेतं, मध्येच एखादा कौलारू पाडा, आणि समोर काळदुर्गाचा चौकोनी कातळ, कुणी डब्यावर झाकण ठेवावं तसा. त्या कातळाच्या दिशेला मुग्धाची वाडी आहे. ‘इस्टेट’ हा शब्द फक्त बाटलीवरच्या कागदावर आहे. बोलताना सगळे वाडीच म्हणतात.

त्यांनी आधी द्राक्षं लावून पाहिली होती. समुद्राच्या दमट हवेत पानांवर बुरशी आली आणि वेली गेल्या. मग दोघांचं लक्ष बांधावरच्या जांभळीच्या झाडांकडे गेलं. ती आधीपासूनच उभी होती, कुणी वाइनसाठी लावलेली नव्हती. या भागातलं जांभूळ टपोरं आणि गरदार असतं. झाडाभोवती बांबूची परांची बांधून माणसं वर चढतात आणि एकेक घोस हाताने उतरवतात, कारण खाली पडलेलं जांभूळ फुटतं. त्याची लाल वाइन होते. रंग असा, की साडीवर पडली तर साडी बदलू नये, सगळीच त्यात बुडवावी.

आता वाइनच्या दालनाबद्दल. श्रीरंगने ते तीनतालावर बांधलं आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा, म्हणून चार-चार खांबांच्या चार रांगा. पहिला खांब लाल, ती सम. नववी मात्रा खाली असते, तिथे टाळी वाजत नाही, नुसता हात हलवतात. म्हणून नववा खांब बांधलेलाच नाही. त्या जागी वर लोखंडी तुळई घालून छत पेललं आहे. मला हे समजावून सांगताना तो स्वतः टाळ्या देत खांबाखांबातून चालत होता आणि मी मागून पर्स सांभाळत. नवव्यापाशी त्याने हात हवेत हलवला आणि म्हणाला, “मावशी, इथे काही नाही.”

“दिसतंय,” मी म्हटलं.

वाइनची नावंही तशीच. चिकूची सोनेरी वाइन ती ‘भूप’. जांभळाच्या दोन: मुरवलेली, जराशी गोड ‘बागेश्री’, आणि तुरट, कोरडी ‘मारवा’. श्रीरंगचा विश्वास असा, की फळ आंबतं म्हणजे त्यात जीव असतो, आणि ज्यात जीव असतो ते ऐकतं. म्हणून दालनाच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर टांगलेले होते, आणि फळ टाकीत पडल्या दिवसापासून वाइनला संगीत ऐकवलं जाई. हे ऐकून हसायला तुम्हाला मोकळीक आहे. मी हसले नाही, कारण त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं, पाहुण्याला घरातला देव दाखवावा तसं.

त्या वर्षीच्या मारव्यासाठी त्याने सतार लावली नव्हती. या मातीतल्या फळाला या मातीतलं वाद्य ऐकवावं, असं मुग्धाच्या मनात आलं. म्हणून आदल्या भातकापणीच्या दिवसांत शेजारच्या पाड्यावरच्या लाडक्याबाबांचा तारपा त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. मी तुम्हाला पाठवलेल्या चहाच्या कपांवर वारली चित्र आहे, ते आठवा. एकमेकांच्या कमरेत हात घातलेली माणसांची लांब साखळी, आणि मध्ये कुणीतरी वाकून फुंकतो आहे. तो फुंकतो तो तारपा: वाळलेला दुधी, त्यात बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. सूर भरदार आणि न तुटणारा. वाजवणारा श्वास कधी घेतो ते कळतच नाही.

त्या संध्याकाळी मी मारवा चाखला, दोन वर्षांपूर्वीच्या फळाचा. पहिला घोट तुरट, दुसरा आंबट, आणि तिसऱ्याला मला माझ्या शाळेच्या वाटेवरचं जांभळीचं झाड आठवलं. कोकमाच्या सरबताशी त्याचा काही संबंध नव्हता. पुण्यात ही बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घरी येते. इथे ती ओसरीवर, तांब्याशेजारी उभी होती.

श्रीरंग आत गेल्यावर मुग्धा हळूच म्हणाली, “मावशी, ही शेवटचीच पेटी आहे. गेल्या वर्षी फळ उतरवायच्या आतच पाऊस आला, एक थेंब मारवा झाला नाही. नुसत्या चिकूवर वाडी चालत नाही. यंदाही झाला नाही ना, तर हे दालन लग्नाचा हॉल होणार. एक गृहस्थ येऊन मापं घेऊन गेलेत. त्यांना जांभळं संपली की उत्तर द्यायचंय.”

“मग फळ आहे ना यंदा?”

“फळ भरपूर आहे गं. बायका आत येत नाहीत.”

ओसरीवरच्या बायका

ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. जांभळाची बी हाताने काढावी लागते. बी चिरडली की वाइन कडू होते. हे काम पाड्यावरच्या आठ-दहा बायका करतात, आणि जांभूळ काही थांबणारं फळ नाही. उतरवलं की दुसऱ्या दिवसाच्या आत ते गर होऊन टाकीत पडलं पाहिजे. दालनात गारवा असतो, म्हणून गर काढायचे ओटे आतच आहेत. बायका वेळेवर आल्या, हसतखिदळत आल्या, आणि दालनाच्या ओसरीवर बसल्या. आत जाईनात.

त्यांची पुढारी जयवंती. वय माझ्या मुलीइतकं असेल, आवाज मात्र माझ्या मुख्याध्यापिकेचा. मी जवळ जाऊन बसले.

“तुमी पुन्याच्या मावशी?” तिने विचारलं.

“हो. तुम्ही आत का बसत नाही?”

“आत गार लागते.”

बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. दुसरी म्हणाली, “माझं पोर रडते.” पोर तिच्या मांडीवर गाढ झोपलेलं होतं. तिसरीला मी विचारलंच नाही.

“मावशी, ही दारू वरीसभर का ठेवतात?” जयवंतीने विषय बदलला. “आमची ताडी सकाळची सकाळी. शेटाची दारू नातवंडं व्हायला थांबते.” सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.

मुग्धाच्या आग्रहावरून दोघी एक क्रेट घेऊन आत गेल्या, तेव्हा मी दारातून पाहत होते. त्या सरळ चालतच नव्हत्या. आधी आडव्या, खेकड्यासारख्या; मग एकदम वळून उलट्या; मग पुन्हा आडव्या. मधल्या खांबांपाशी तर दोघींची फुगडीच झाली. क्रेट कसाबसा टेकवून दोघी बाहेर पळाल्या आणि पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. पण ते हसू सुटकेचं होतं.

ओसरीवरच्या उन्हात काढलेला गर दुपारपर्यंत फसफसला आणि टाकून द्यावा लागला. श्रीरंगने बोईसरहून दोन कामगार आणले. त्यांनी मनापासून, जोर लावून काम केलं आणि बियांसकट सगळं चिरडलं. मुग्धा ओरडली, तर त्यातला एक समजुतीने म्हणाला, “भाभीजी, बीज भी तो फल का ही है ना?” तो गरही गेला. चार कोपऱ्यांतून तारपा अखंड वाजत होता, आणि श्रीरंग जवळजवळ रिकाम्या टाकीशेजारी उभा राहून तिला ऐकवत होता. मला त्या माणसाची फार माया आली.

बोईसर

विचार केला की उत्तर सापडतं, अशी माझी समजूत तुम्हाला ठाऊक आहे. मी विचार केला. माणूस आडवं-उलटं कधी चालतं? पाय घसरत असेल तर. दालनाची फरशी गुळगुळीत, रोज धुतलेली, आणि बायका अनवाणी. उत्तर सापडलं. मी मुग्धाला घेऊन बोईसरला चपला आणायला गेले.

बोईसर म्हणजे कारखाने, ट्रक आणि हिंदी. दुकानदार मराठी माणूस, पण तोही सवयीने हिंदीतच बोलला. “माताजी, कौनसा साइज?” मला साइज ठाऊक नव्हते. मी प्रत्येकीचा पाय आठवून हाताने लांबी दाखवत होते, आणि तो गंभीरपणे माझ्या दोन तळव्यांमधल्या हवेवर चप्पल धरून पाहत होता. शेवटी रबराच्या, खाली खाचा असलेल्या चपलांचं पोतं घेऊन आम्ही परतलो. वाटेत मुग्धाने वडापाव घेतला. बोईसरचा वडा आपल्याकडच्यापेक्षा तिखट, पण हे मान्य करायला मला सबंध वडा खावा लागला.

बायकांना चपला फार आवडल्या. एकमेकींच्या घालून पाहिल्या, रंगांवरून भांडल्या. “मावशी, माझी जरा ढगळी हाय,” जयवंती म्हणाली, “पन चालंल.” मग सगळ्या नव्या चपला घालून, पाय लांब करून, ओसरीवर बसल्या.

आत कुणीही गेलं नाही.

तारापूर

तिसऱ्या दिवशी मुग्धा म्हणाली, “चल मावशी, आपण मासळी आणायला जाऊ. इथे बसून दोघी रडत बसण्यापेक्षा.”

तारापूरला ती ज्यांच्याकडून मासळी घेते, त्या हिराबाई. जूनमध्ये समुद्रावर जायला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून, ताडपत्र्या घालून निजवलेल्या होत्या. पुरुष जाळी विणत होते, आणि लांब किनाऱ्याच्या टोकाला अणुवीज केंद्राच्या इमारती धुरकट दिसत होत्या. श्रीरंगच्या वडिलांना हिराबाईंच्या सासूने मासळी विकलेली, तेव्हापासूनचा हा ऋणानुबंध. ताजं काहीच नव्हतं. हिराबाईंनी सुके बोंबील निखाऱ्यावर भाजले, लसूण-मिरचीशी कुटले, आणि तांदळाच्या गरम भाकरीवर ठेवले. मुग्धाने पिशवीतून मारव्याची अर्धी बाटली काढली. लाल वाइन मासळीबरोबर घ्यायची नाही, असं मी कुठेतरी इंग्रजीत वाचलं होतं. ज्याने ते लिहिलं त्याला सुका बोंबील माहीत नसावा. खारट आणि तुरट यांचं इतकं जमतं, की मी दुसरी भाकरी मागून घेतली.

हिराबाईंनी घोटभर घेतली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घोटभर घेतली. मुग्धाने त्यांना सगळी हकिगत सांगितली. चपलांपर्यंत आली तेव्हा हिराबाईंनी भाकरी खाली ठेवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

“अगं बाय! चपला? त्यांचं दुकनं कानाचं हाय, पायाचं नाय!”

“म्हणजे?”

“मी सुकी मासळी घेऊन त्या पाड्याच्या बाजाराला जातें, वीस-पंचीस वर्सं झाली. पहिल्या वर्साला रातच्याला नाच लागलेला, मी बघाया उभी. कोनतरी हाक मारली म्हनून वळलें, तर एक म्हातारी अशी खेकसली माझ्यावर! तारप्याला पाठ नाय दावायची. नाचनारा गोल फिरतो, पन तोंड तारप्याकडं. आनि तुमी काय केलंय? चार कोपऱ्यांना चार तारपे टांगलेत! त्या बाया तोंड कुठं करतील आनि पाठ कुठं करतील?”

मुग्धा पांढरी पडली. मला ती क्रेटवाली फुगडी आठवली.

“पण मग जयवंती सांगत का नाही?” मी विचारलं. “ती काही भिडस्त बाई नाही.”

“ती कशी सांगंल? लाडक्या तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाव. त्यानं तारप्यासाठी दुधी धरलेला मांडवावर, लई निगुतीनं. तो जयवंतीच्या बकरीनं खाल्ला. वरीस झालं, दोघां बोलत नाय. आता ती बोलली की ह्याचा तारपा बंद करा, तर सगळा पाडा काय बोलंल? बकरीचा राग काढते. म्हनून गार लागते तिला.”

परतताना गाडीत बोंबलाचा वास भरून राहिला होता. बायकांना भीती वाटत नव्हती, हट्टही नव्हता. त्यांनी आमचा मान राखला होता, तारप्याचा राखला होता आणि लाडक्याबाबांचाही राखला होता. एवढे मान राखायचे म्हटल्यावर माणसाने ओसरीवरच बसायचं.

परत वाडीवर

श्रीरंगला सांगितलं तेव्हा तो उठून दालनाच्या दारापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, “मावशी, मी त्यांचंच वाद्य लावलं. माझी सतार लावली असती तर कुणाचं काही अडलं नसतं.”

“मग बंद कर,” मुग्धा म्हणाली.

“टाकीत तळाशी थोडा गर पडला आहे. त्याने पहिल्यापासून हेच ऐकलंय. मध्येच तोडायचं?” तो खरोखर व्याकूळ झाला होता. “लाडक्याबाबांनाच विचारू. वाद्य त्यांचं. ते हो म्हणाले तर बायकांची हरकत राहणार नाही.”

चौथ्या दिवशी सकाळी लाडक्याबाबा ओसरीवर आले. धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल. त्यांना वाटलं होतं, पुढच्या ध्वनिमुद्रणाचं ठरवायचं आहे. सगळं ऐकून घेतल्यावर ते जरा हिरमुसले, आणि मग दारातून दिसणाऱ्या स्पीकरकडे मान उडवून म्हणाले, “शेट, पेटीला फुंक कुठं हाय? फुंक नाय तर तारपा नाय. बसा खुशाल पाठ करून.”

श्रीरंगचा चेहरा उजळला. बायकांनी मात्र जयवंतीकडे पाहिलं. जयवंतीने पदर सारखा केला आणि माझ्याकडे तोंड केलं. लाडक्याबाबा तिच्यापासून चार हातांवर उभे होते.

“मावशी, त्यांना इचारा, पेटीतला तारपा तारपा नाय?”

मी गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. “मावशी, तिला सांगा, नाय,” ते म्हणाले.

“मंग मावशी, दारू काय ऐकते?”

आतून तो अखंड सूर येतच होता.

“शेट बोलतो, दारूला ऐकू येते,” जयवंती म्हणाली. “दारूला ऐकू येते आनि आमाला नाय? आमी काय टाकीपरीस बहिऱ्या?”

बायका फिसकन हसल्या. लाडक्याबाबांनी जमिनीवर काठी आपटली. “मावशी, तिला सांगा, बकरीचा राग हितं नको.”

“मावशी, त्यांना सांगा, बकरीनं एक दुधी खाल्ला. यांनी चार कोपऱ्यात चार लटकवले.”

यावर एक बाई इतकी हसली, की तिला ओसरी उतरून अंगणात जाऊन बसावं लागलं. लाडक्याबाबांच्याही मिशा हलल्या, पण त्यांनी ते दडपलं. मग ते श्रीरंगकडे वळले आणि त्यांनी अगदी खरं काय ते विचारलं:

“शेट, दारू खरंच ऐकते का?”

मुलांनो, त्या वेळी मला श्रीरंगची काळजी वाटली. ‘नाही’ म्हणाला असता तर सगळं सुटत होतं. पेटी ही नुसती पेटी ठरली असती आणि तारपा वाजत राहिला असता. पण मग टाकीही नुसती टाकी, भूप-मारवा ही नुसती नावं, आणि खांब हे नुसते खांब. ‘हो’ म्हणाला तर बायकांचं खरं. तो दाराच्या आतच, लाल खांबाला हात लावून उभा होता. मुग्धा त्याच्याकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती.

“ऐकते, बाबा,” तो म्हणाला.

लाडक्याबाबांनी मान हलवली. दुखावल्यासारखी नव्हे, सन्मान झाल्यासारखी. “ऐकनारा कोन आसंल, तर मंग ती पेटी नाय. मंग तिथं मीच हाय. आनि शेट, मी ह्या दिसांत वाजवत नाय. भाताला लोंब्या आल्याबिगर तारपा हातात घेत नाय मी. बंद कर.”

श्रीरंग आत गेला. सूर थांबला. इतके दिवस तो कानात इतका बसला होता, की थांबल्यावर क्षणभर मला चक्कर आल्यासारखं झालं. जयवंती उठली, तिने ढगळ्या चपला दाराशी काढून ठेवल्या आणि सरळ चालत ओट्यापाशी गेली. तिच्यामागून बाकीच्या.

आधीचं बरंच फळ गेलं होतं. झाडावर राहिलेलं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उतरवलं. मीही बसले. मला चाळणीवर जांभूळ घासायला शिकवलं गेलं, आणि माझं काम पाहून ते परत काढूनही घेतलं गेलं. लाडक्याबाबा घरी गेले नाहीत. थोडा वेळ दारात उभे राहिले, मग सदऱ्याच्या बाह्या दुमडून ओट्याच्या टोकाला बसले. त्यांच्या हाताला काम येतं. दुपारी जयवंती मला म्हणाली, “मावशी, त्यांना ती मोठी चाळन द्या, त्यांच्या हातात बारकी पुरत नाय.” मी चाळण दिली. त्यांनी घेतली. “मावशी, तिला सांगा, बरं.” एवढंच.

निघताना माझे हात मनगटापर्यंत जांभळे होते. पुण्यात वाण्याने विचारलं, “आजी, काय झालं?” मी म्हटलं, “वाइन केली.” त्याने मला दोन रुपये जास्तच परत दिले आणि घाईने पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता त्याला वर्ष होत आलं. मारवा झाला, टाकी पाऊण भरली. लग्नाच्या हॉलवाल्या गृहस्थांना मुग्धाने नाही म्हणून कळवलं. ते बिचारे चांगले माणूस निघाले. त्यांनी सहा बाटल्या नेल्या. मी फेब्रुवारीत अर्धा ग्लास चाखला. श्रीरंग म्हणतो, यंदाच्या वाइनमध्ये फरक आहे, ती खोल झाली आहे, कारण तिने सुरुवातीला तारपा ऐकला आणि नंतर शांतता. टाकीचा बुडबुड आवाज आता स्वच्छ ऐकू येतो, असंही तो म्हणतो. मला फरक कळला नाही आणि आवाजही आला नाही. माझं कानाचं यंत्र तेव्हा पर्समध्ये होतं. वाइन चांगली होती. भाताला लोंब्या आल्यावर लाडक्याबाबांनी वाडीच्या अंगणात येऊन स्वतः तारपा वाजवला, एका नव्या दुधीचा. जयवंती नाचली. दोघं अजून बोलत नाहीत.

तुम्ही याल तेव्हा काय शिल्लक असेल, असं ईरा फोनवर विचारत होती. शिल्लक आहे ते सांगते. बांधावरची जांभळीची झाडं आहेत, परांचीचे बांबू आहेत. मुग्धा आणि श्रीरंग त्याच घरात राहतात. दालन वाइनचंच आहे. जांभळाच्या दिवसांत तिथे काहीही वाजत नाही, आणि बायका हवी तिकडे पाठ करून बसतात.

तुमची,
आजी